उपग्रहाच्या आकड्यांतून तळ्याचे पाणी

उन्हाळ्यात गावच्या तळ्याचे पाणी किती आटले, हे वर्गातल्या संगणकावर मोजता येईल का? होय. त्यासाठी लागणाऱ्या उपग्रह प्रतिमा विनामूल्य मिळतात. युरोपच्या 'सेंटिनेल-२' मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ साली आणि दुसरा २०१७ साली सोडण्यात आला. या मालिकेमुळे साधारण दर पाच दिवसांनी आपल्या भागाची नवी प्रतिमा मिळते.

ही प्रतिमा म्हणजे खरे तर आकड्यांचा तक्ता असतो. जमिनीचा १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकडा म्हणजे तक्त्यातील एक घर. त्या तुकड्यावरून किती प्रकाश परतला, हे त्या घरातील आकडा सांगतो. हिरव्या प्रकाशाचा तक्ता वेगळा, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा वेगळा. एका तक्त्यात १०,९८० ओळी व तितकेच स्तंभ, म्हणजे सुमारे १२ कोटी आकडे असतात.

एवढा पसारा उतरवून घेण्याची गरज नसते. 'पायथन' या संगणकभाषेत अशा कामांसाठी तयार आज्ञांचे संच आहेत. त्यांना लायब्ररी म्हणतात. 'पायस्टॅक-क्लायंट' ही लायब्ररी ठिकाण, तारीख आणि ढगांचे प्रमाण सांगितले की योग्य प्रतिमा शोधून देते. 'रास्टेरिओ' त्या प्रतिमेतील हवा तेवढाच चौकोन वाचते. कोल्हापूरच्या रंकाळ्यासाठी ५ किलोमीटर बाजूचा चौकोन पुरे. त्यात ५०० गुणिले ५००, म्हणजे अवघे अडीच लाख आकडे.

आता पाणी ओळखायचे. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेते, तर हिरवी पाने तो मोठ्या प्रमाणात परत पाठवतात. याचा उपयोग करून मॅकफीटर्स यांनी १९९६ साली एक जल निर्देशांक सुचवला. हिरव्याच्या आकड्यातून अवरक्ताचा आकडा वजा करायचा आणि त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागायचे. उत्तर शून्याहून अधिक आले, तर ते घर बहुधा पाण्याचे.

नमुन्यादाखल पाण्याच्या घरात हिरवा ६०० व अवरक्त २०० आहे असे धरू. ४०० भागिले ८००, उत्तर ०.५. उसाच्या शेतात हिरवा ८००, अवरक्त ३००० असेल, तर उत्तर उणे ०.५८ येते. फळ्यावर हे चोख जमते. संगणकावर मात्र शेताचे उत्तर १६.६७ येऊ शकते! कारण हे आकडे ० ते ६५,५३५ एवढ्याच, ऋणचिन्ह नसलेल्या खणांत साठवलेले असतात. उणे २२०० त्या खणात मावत नाही. त्याऐवजी ६३,३३६ हा आकडा उमटतो. संगणक चूक दाखवत नाही, आणि ऊस मात्र पाण्यात मोजला जातो. उपाय सोपा आहे: वजाबाकीपूर्वी आकडे दशांश प्रकारात बदलून घ्यावेत. म्हणूनच दोन-चार घरांचे गणित विद्यार्थ्यांकडून आधी हाताने करून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

पाण्याची घरे मोजली की क्षेत्रफळ मिळाले. एक घर १०० चौरस मीटरचे, म्हणून १०० घरांचे एक हेक्टर. ऑक्टोबर आणि मे महिन्यांची तुलना करून पाहा.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवू. ढगांची सावली कधीकधी पाण्यासारखी दिसते. प्रतिमेसोबत मिळणाऱ्या वर्गीकरणाच्या तक्त्यावरून ढग आणि सावलीची घरे वगळावीत. जलपर्णीने झाकलेले पाणी या निर्देशांकाला शेतासारखे वाटते. आणि क्षेत्रफळ म्हणजे साठा नव्हे: गाळाने उथळ झालेले तळे वरून तेवढेच रुंद दिसते. त्याची खोली कळण्यासाठी दोरी आणि वजन घेऊन, जाणत्या माणसासोबत नावेतूनच मोजणी करावी लागते.