जतनाचा खेळ

श्रीरामपूरला २००० च्या सुमारास आम्ही मुले गेम पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन खेळत असू. जपानी फॅमिकॉम यंत्राची स्वस्त नक्कल, जुना टीव्ही आणि एकाच कॅसेटमध्ये कोंबलेले डझनभर खेळ. मारिओ, काँट्रा सगळ्यांना तोंडपाठ. ‘झेल्डा’ मात्र तिथे कधी दिसला नाही. का दिसला नाही, याचा माग घेताना मी त्या मालिकेच्या सर्वांत विक्षिप्त भागापाशी पोचलो.

निन्टेन्डोचा पहिला ‘झेल्डा’ १९८६ चा. त्यात आपण जग वरून पाहतो. वर्षभरातच, जानेवारी १९८७ मध्ये, ‘झेल्डा २ : द अ‍ॅडव्हेंचर ऑफ लिंक’ आला आणि त्याने गाजलेला साचाच मोडला. प्रवासापुरता वरून दिसणारा नकाशा उरला. पण शत्रू अंगावर आला, की पडदा बदलतो आणि मारिओसारखी बाजूने दिसणारी लढाई सुरू होते. ढाल वर धरायची की खाली, हे क्षणात ठरवावे लागते. इथवर हा हातांच्या चपळाईचा खेळ.

खरी गंमत पुढे आहे. मारलेल्या शत्रूंमागे अनुभवाचे गुण मिळतात. अमेरिकी आवृत्तीत सुरुवातीला ५० गुणांत जीव, १०० गुणांत जादू, २०० गुणांत हल्ल्याचे बळ वाढते. ५० झाले, की खेळ विचारतो : आत्ताच खर्च करता, की थांबता? थांबावे, तर काही शत्रूंचा स्पर्श होताच साठलेले गुणही गळतात. सगळे जीव संपले, तर उरलेले गुण शून्य. बचतीची ही धाकधूक शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

(त्यातल्या एका गावात एक माणूस स्वतःचे नाव ‘एरर’ सांगतो. लोक त्याला छपाईची चूक समजून हसत आले. मूळ जपानीत त्याचा जोडीदार ‘बग’ आहे. इंग्रजी करताना त्याचे ‘बागू’ झाले आणि विनोद फसला.)

पुढचा, १९९१ चा भाग पुन्हा वरून पाहण्याच्या पद्धतीकडे वळला. त्यामुळे दुसऱ्याला अनेक जण मालिकेतले वाट चुकलेले पोर मानतात. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो.

आता पार्लरचे कोडे. असा खेळ एका बैठकीत संपत नाही. मिळवलेले जतन व्हावे लागते. जपानमध्ये ते चकतीवर लिहिले जाई. अमेरिकेत १९८८ मध्ये तो सोनेरी कॅसेटमध्ये आला, तिच्या पोटात बटणाएवढा सेल होता. आमच्या नकली कॅसेटींत कुठला सेल? शिवाय तासाने जागा सोडायची, मागे पुढचा मुलगा उभा. तिथे अर्ध्या तासात निकाल लागणारा ‘काँट्रा’च टिकणार.

सेल असता, तरी आणखी एक अट होती. यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरायचे, नाहीतर जतन केलेले पुसले जाण्याची भीती, अशी कंपनीचीच सूचना होती. आमच्याकडे यंत्र बहुतेक वेळा भारनियमनच बंद करी.