चालायला लागलो, आता गोळी सोडू का?

श्रोतेहो, रक्तदाबाचा विकार असलेली माणसं डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘रोज फिरायला जातो, आता गोळी सोडू का?’ आणि ‘घरकामात होतो तेवढा व्यायाम पुरत नाही का?’ याची उत्तरं मिळवायची, तर व्यायामानं शरीरात काय घडतं ते आधी पाहू.

भरभर चालताना हृदयाचे ठोके वाढतात, वरचा रक्तदाबही चढतो. थांबल्यावर मात्र तो आधीपेक्षा थोडा खाली येतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, वाहिन्या सैलावतात आणि रक्ताला वाट मोकळी मिळते. हा परिणाम काही तास, कधी जवळजवळ दिवसभर टिकतो. नेम ठेवला, की काही आठवड्यांनी एरवीचा दाबही उतरू लागतो. रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं कमी होतो. आकडा लहान दिसतो. पण पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका घटवायला तोही मोलाचा. व्यायाम सोडला, की ही कमाई काही आठवड्यांत ओसरते. म्हणून दोन दिवस तासभर पळून आठवडाभर बसण्यापेक्षा रोजचं थोडं बरं.

किती करायचा? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एका दमात जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, ही वेगाची खूण. फरशी पुसताना, पाणी भरताना श्वास असा वाढत असेल, तर ते जमेस धरा. ओट्यापाशी उभं राहून पाय दुखणं मात्र व्यायामात मोडत नाही.

वजन उचलताना श्वास रोखू नका. त्यानं दाब एकदम चढतो. दाब १८०/११० च्या वर असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबा आणि लगेच मदत मागा.

आता गोळीचं. दाब आटोक्यात दिसतो तो बहुधा गोळी आणि चालणं, दोघांच्या जोरावर. गोळी परस्पर बंद केली, तर तो पुन्हा चढतो, आणि चढल्याचं अनेकदा जाणवतही नाही. त्यापेक्षा एक वही घाला. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दाब मोजा, तारखेसह लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी कमी करता येईल का, याचा निर्णय त्या आकड्यांवरून त्यांना घेऊ द्या. तोवर गोळीही चालू आणि चालणंही चालू.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)