कागदाच्या कारखान्यांतील काळी काकवी

पाण्याचा तांब्या उपडा केला तर क्षणांत रिकामा होतो. काकवीचा केला तर मात्र वाट पाहत बसावें लागतें. वाहण्यास द्रव स्वतःच जो विरोध करतो त्यास शास्त्रांत श्यानता म्हणतात. आपण आज घरगुती 'दाटपणा' हाच शब्द वापरूं. हा मोजण्याच्या 'पॉइज' या एककास नांव मिळालें तें प्वाझय या फ्रेंच डॉक्टरावरून. बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात हें एकोणिसाव्या शतकांत त्यानें तपासलें, तें रक्ताभिसरणाच्या जिज्ञासेनें. कागदाच्या कारखान्यांत आपलें नांव निघेल असें त्याच्या स्वप्नांतहि आलें नसेल!

डाल या जर्मन रसायनज्ञानें १८८४ सालीं पेटंट घेतलेल्या क्राफ्ट पद्धतींत लांकडाचे तुकडे दाहक सोडा व सोडियम सल्फाइड यांत शिजवितात. तंतू वेगळे झाल्यावर खालीं उरतो तो काळा द्राव. लांकडाचा सुमारें अर्धा भाग त्यांत विरघळलेला असतो. तो नदींत सोडला तर नदीहि जाईल आणि महागडीं रसायनेंहि. म्हणून तो आटवून भट्टींत जाळतात. त्यापासून वाफ मिळते आणि रसायनें परत हातीं येतात.

खरी अडचण येथेंच आहे. आरंभीं या द्रावांत घनभाग शेंकडा १५ च्या आसपास असतो आणि तो पाण्यासारखा वाहतो. जाळण्यासाठीं घनभाग शेंकडा ६५ ते ८० पर्यंत न्यावा लागतो, आणि शेवटच्या टप्प्यांत दाटपणा घनभागाच्या प्रमाणांत न वाढतां एकदम उसळी मारतो. थंड झाला तर नळ्यांतच बसेल! म्हणून त्यास सुमारें ११५ ते १२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून भट्टींत फवारतात. थेंब फार मोठे पडले तर ओलेच तळाशीं जातात. फार बारीक झाले तर धुराबरोबर वर उडून बाष्पकाच्या नळ्यांना चिकटतात. तळाशीं वितळलेल्या क्षारांचा निखारा असतो. त्यावर पाणी पडलें तर भयंकर स्फोट होतो. म्हणून घनभाग शेंकडा ५८ च्या खालीं उतरला कीं द्राव भट्टीकडे जाऊं देत नाहींत.

मग घनभाग मोजला कीं काम झालें, असें आपणांस वाटेल. पण तसें नाहीं. लांकूड बदललें, शिजविण्यांत सोडा कमी उरला, तर घनभाग तोच असूनहि दाटपणा निराळा. बांबू व गवताच्या पेंढ्यांतील वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, त्यांत भर घालतो; आपल्याकडील कारखान्यांस हा जाच पूर्वापार परिचित आहे. यास्तव फिरत्या किंवा कंप पावणाऱ्या दांडीस द्राव किती अडवितो हें नळींतच मोजतात. दांडीवर पुटें चढतात, तीं खरवडावीं लागतात, हा एक वैताग. दाटपणा अधिक निघाला तर वाफ थोडी वाढवावी. कांहीं ठिकाणीं तर द्राव सुमारें १८० अंशांवर अर्धा तास ठेवितात. लांब रेणु तुटतात आणि दाटपणा कायमचा उतरतो.

एवढीं यंत्रें असूनहि भट्टीवाला अधूनमधून झरोक्यांतून आंत डोकावून थेंब कसे पडतात तें पाहतोच.