बाजार समितीच्या खुर्चीवर शेतकरी

शेतकऱ्याच्या हिताचा कायदा करणे ही एक गोष्ट, आणि त्या कायद्याच्या कारभारात शेतकऱ्याला स्थान देणे ही दुसरी. दुसरीवाचून पहिली किती पंगू ठरते, याचे उदाहरण वऱ्हाडातच सापडते.

१८९७ साली तेथे कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजारावर देखरेखीसाठी समित्या नेमण्याची सोय झाली. परंतु या समित्यांवर कापसाचे व्यापारी व नगरपालिकेचे सभासद बसत. कापूस पिकविणाऱ्यास तेथे जागा नव्हती. तंटा विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा, आणि निवाडा करणार घेणाराच! १९२८ च्या शाही शेतकी आयोगाने या उणिवेवर बोट ठेवले.

शेतकरी समितीवर असल्याने काय साधते? रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरला, की मालाच्या धन्यालाच तो कळत नाही. वजनात कडता कापला जातो. पट्टीत अडत, हमाली, तोलाई यांच्या रकमा वजा होतात. दिवस मावळू लागला की भरलेली गाडी परत नेणे परवडत नाही, आणि पडेल तो भाव पत्करावा लागतो. अधिकाऱ्याला हे चौकशीअंती कळेल. शेतकऱ्याने ते सोसलेले असते. म्हणूनच उघड लिलाव, तपासलेला काटा व वेळेवर रोख चुकती यांचा आग्रह तो प्रथम धरतो.

हे तत्त्व पुढे कायद्यात उतरले. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने समितीत शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व दिले. रोहतककडील शेतकरी कुटुंबात जन्मलेले सर छोटूराम मंत्री असताना पंजाबात १९३९ साली झालेल्या कायद्याने समितीच्या दोन तृतीयांश जागा उत्पादकांना दिल्या. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानेही शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बहुसंख्य ठेवले.

मात्र, श्रोतेहो, जागा राखून ठेवल्याने काम संपत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला प्रत्येक जण नांगरामागे चाललेला असतोच असे नाही. शेतकरी म्हणून निवडून आलेला सभासद पुढे अडत्याच्या गादीशी सलगी करू लागला, तर १८९७ चीच समिती नव्या नावाने नांदू लागते. तेव्हा मत देताना उमेदवाराच्या जमिनीचे एकर मोजू नयेत. काट्यापाशी तो कोणाच्या बाजूला उभा राहतो, ते पाहावे.