टेकडी, पाऊलवाट व घर

गतवर्षीं पावसाळा सरल्यावर आम्ही वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांसह वेताळ टेकडीवर गेलों होतों. पुणें शहराच्या हद्दींतील हें एक उंच स्थान. समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच. वर पोहोंचल्यावर मंडळी एका खडकावर विसांवा घेत बसली. एका बाजूस कोथरूड, दुसऱ्या बाजूस पाषाण, दूर सिंहगडाचा डोंगर. आणि खालीं जिकडे पाहावें तिकडे इमारतीच इमारती. तें दृश्य पाहतां पाहतां एका मुलानें आम्हांस विचारलें, "सर, शहरांत इतक्या लोकांना राहावयास नीट घर नाहीं, आणि येथें एवढी जागा रिकामी पडली आहे. मग येथें घरें कां बांधीत नाहींत?"

कांहीं मुलें हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण तो मुलगा स्वतः एका खोलीच्या घरांत सहा माणसांत राहणारा होता. प्रश्न प्रामाणिक होता, आणि "टेकडी सुंदर दिसते म्हणून" एवढ्या उत्तरानें त्याचें समाधान होण्यासारखें नव्हतें. त्या दिवशीं आम्ही त्यास थोडक्यांत जें सांगितलें, तेंच येथें जरा विस्तारानें, विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं, लिहीत आहों.

प्रथम 'रिकामी' या शब्दाचाच विचार करूं. टेकडीवर इमारत नाहीं, म्हणून ती निरुद्योगी आहे असें नव्हे. पुण्याच्या टेकड्या काळ्या कातळाच्या, म्हणजे बेसाल्ट नांवाच्या अग्निजन्य खडकाच्या आहेत. त्यांवरील मातीचा थर पातळ असतो. परंतु गवत व झुडपें यांच्या मुळांच्या योगानें तो जागच्या जागीं टिकून राहतो. पाऊस पडला म्हणजे गवतामुळें पाण्याचा वेग मंदावतो. कांहीं पाणी खडकाच्या भेगांतून खालीं मुरतें, व उरलेलें ओढ्यानाल्यांवाटे नदीस मिळतें. उतार कापून सपाट केला आणि वर काँक्रीट घातलें, कीं तेंच पाणी मुरावयास जागा न मिळाल्यामुळें एकदम खालीं धांवतें. त्यांतच ओढ्याचें पात्र बांधकामांनीं अरुंद झालेलें असलें, तर अनर्थास काय उणें? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या डोंगरांकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यास अकस्मात् पूर आला. कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें, भिंती कोसळल्या, आणि अनेक माणसें प्राणांस मुकलीं. त्या रात्रीं पाऊस फार झाला हें खरें. परंतु पाण्याची वाट माणसांनींच अडविली होती, हेंहि तितकेंच खरें.

टेकडीचें दुसरें काम आपण रोज पाहतों. पहाटे टेकडीवर पेन्शनर येतात, गृहिणी येतात, कॉलेजचे विद्यार्थी व दुकानांतील नोकर येतात. तेथें तिकीट नाहीं, फाटकावर पहारेकरी नाहीं. मोराचा केकारव ऐकावयास कोणासहि पैसे मोजावे लागत नाहींत. १२ जून १९०५ रोजीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं भारतसेवक समाजाची स्थापना केली, तेव्हां आपल्या सोबत्यांसह सेवेची शपथ घेण्यासाठीं ते फर्ग्युसन कॉलेजामागील टेकडीवरच गेले होते. ज्या शहरांत स्वस्थपणें उभें राहून विचार करावयास जागा उरत नाहीं, तेथील नागरिकांचें जीवनहि संकुचित झाल्यावांचून राहत नाहीं.

मोकळ्या जागेची मागणी ही सुखवस्तु लोकांची हौस आहे, असें कित्येकांस वाटतें. इतिहास निराळें सांगतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. पुढच्या वर्षीं पुण्यांत तिनें हाहाकार उडविला. चाळींतील दाट वस्ती आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्या यांत तो रोग फोफावला. त्या अनुभवानंतर १८९८ सालीं मुंबईंत शहर सुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढें दादर-माटुंग्याकडील नव्या वस्तींत रुंद रस्ते व बागा प्रथमच आंखून मग घरें उठलीं. तेथील पांच बागा आजहि त्याची साक्ष देतात. १९१५ सालीं मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा होय. त्याच सुमारास स्कॉटलंडचे विद्वान् पॅट्रिक गेडिस या देशांत येऊन गांवोगांव हिंडले. पुढें ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापकहि झाले. नगराचा नकाशा काढण्यापूर्वीं तें नगर पायांनीं हिंडून पाहावें, असा त्यांचा आग्रह असे.

त्या कायद्यांतील मुख्य युक्ति विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. समजा, गांवाबाहेर दहा शेतकऱ्यांचीं दहा वेडींवांकडीं शेतें आहेत. प्रत्येकानें आपापलें शेत मन मानेल तसें विकलें, तर तेथें घरें होतील, पण रस्ता वांकडा होईल आणि मैदान तर मुळींच होणार नाहीं. कारण मैदानासाठीं आपणच कां जागा सोडावी, असें प्रत्येकास वाटेल. म्हणून सर्व शेतें कागदावर एकत्र करावयाचीं, त्यांतून रस्ते, शाळा व मैदान यांसाठीं जागा आधीं काढावयाची, आणि उरलेली जमीन सर्वांस प्रमाणशीर, चौकोनी तुकड्यांनीं परत द्यावयाची. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते. परंतु रस्ता व मैदान लाभल्यामुळें तिची किंमत वाढते. त्याग सर्वांचा सारखा, आणि लाभहि सर्वांचा. आमच्या मतें नगररचनेचें सारें तत्त्व या एका उदाहरणांत आलें आहे: मोकळी जागा आधीं ठरवावी लागते, आणि तिचा भार एकट्यादुकट्यावर टाकून चालत नाहीं.

टेकड्यांच्या बाबतींत पहिली गोष्ट कांहीं अंशीं साधली. दुसरी मात्र साधणें कठीण गेलें. १ ला ५ यापेक्षां अधिक उतार असलेल्या जागेवर बांधकाम करूं नये, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे आडव्या अंतरानें ५ फूट पुढें गेल्यावर १ फुटापेक्षां अधिक चढ लागत असेल, तर तेथें घर नको. १९९७ सालीं भोंवतालचीं २३ गांवें पुण्याच्या हद्दींत आलीं, तेव्हां त्यांच्याबरोबर पुष्कळ टेकड्याहि आल्या. त्यांतील सुमारें ९७८ हेक्टर भूमि जैवविविधता उद्यानासाठीं राखून ठेवण्यास सरकारनें २०१५ सालीं मान्यता दिली.

आतां या जमिनीच्या मालकांचा विचार करूं. त्यांपैकीं पुष्कळ जमीन खासगी आहे; कित्येकांच्या वाडवडिलांपासून चालत आलेली आहे. शेजारच्या सपाट जमिनीचा मालक ती विकून धनवान् होतो, आणि टेकडीच्या मालकास मात्र शहरासाठीं आपली जमीन तशीच ठेवावी लागते. हें न्यायाचें कसें होईल? यावर एक उपाय म्हणजे विकासहक्कांचें हस्तांतरण. व्यवहारांत त्यास टी.डी.आर. म्हणतात. मालकानें टेकडी नगरपालिकेस द्यावी. तिच्या बदल्यांत त्यास दुसऱ्या योग्य ठिकाणीं ठराविक बांधकाम करण्याचा हक्क मिळतो, व तो हक्क त्यास विकतांहि येतो. अशा रीतीनें इमारत उठते, परंतु टेकडीवर नव्हे. या उद्यानाच्या जमिनीसाठीं हा मोबदला ८ टक्के ठरविण्यांत आला. म्हणजे १०,००० चौरस फूट जमीन देणारास ८०० चौरस फूट बांधकामाचा हक्क. हा मोबदला फारच तुटपुंजा, अशी मालकांची तक्रार झाली, आणि ती अगदींच निराधार आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

यांत आणखी एक मेख आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणें, आराखडा अंमलांत आल्यापासून १० वर्षांत राखीव जमीन ताब्यांत घेतली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. त्यानंतरहि ठरलेल्या मुदतींत कांहीं पाऊल उचललें नाहीं, तर आरक्षण रद्द होतें. सारांश, नकाशावर हिरवा रंग भरल्यानें टेकडी राखली जात नाहीं. तिचें मोल चुकविल्यानें राखली जाते.

आम्ही येथपर्यंत सांगितल्यावर त्या मुलानें क्षणभर विचार केला व म्हटलें, "मग आमचें घर कोठें, सर?"

याहून योग्य प्रश्न कोणता असणार? पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. हजारों कुटुंबें तेथें राहतात. तीं कांहीं टेकडीचीं वैरी म्हणून तेथें गेलीं नाहींत. शहरास त्यांचे हात हवे होते, परंतु त्यांच्या घरासाठीं शहरानें सपाट भूमीवर जागा ठेवली नव्हती, म्हणून तीं गेलीं. तेव्हां 'टेकडी राखा' असें म्हणणारानें 'घरें कोठें बांधावयाचीं' हेंहि सांगितलें पाहिजे. आमचें उत्तर असें: जेथें उतार नाहीं, पाण्याची वाट नाहीं आणि येण्याजाण्याची सोय आहे, तेथें वस्ती अधिक दाट व अधिक उंच होऊं द्यावी. पुण्यांत ६ मार्च २०२२ रोजीं मेट्रो रेल्वे सुरू झाली. अशा स्थानकांच्या आसपास मोठीं घरें थोडीं व लहान, परवडण्याजोगीं घरें पुष्कळ झालीं, तर टेकडीवरचा भार आपोआप हलका होईल. २०२३ सालीं वेताळ टेकडीवरून रस्ते नेण्याच्या योजनेविरुद्ध नागरिकांनीं मोठा मोर्चा काढला. आम्हांस त्यांची तळमळ पटते. पण खालच्या रस्त्यांवर रोज तासन्‌तास अडकणाऱ्यांची गैरसोयहि खोटी नाहीं. चांगली बसगाडी व मेट्रो हीं दोघांचींहि मित्र आहेत.

हा पेंच केवळ पुण्याचाच नाहीं. अमेरिकेंत कोलोराडो राज्यांत रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं बोल्डर नांवाचें एक शहर आहे. १९५९ सालीं तेथील लोकांनीं ठरविलें, कीं ५,७५० फूट उंचीच्या वर नगरपालिकेनें पाणी पुरवूं नये. पाणी नाहीं, म्हणजे डोंगरावर वस्ती नाहीं. पुढें १९६७ सालीं त्यांनीं मत देऊन आपणांवरच कर बसवून घेतला: दर १०० डॉलरांच्या खरेदीमागें ४० सेंट, मोकळी भूमि विकत घेण्यासाठीं. आज त्या शहराभोंवतीं दीडशें मैलांच्या सुमारास पाऊलवाटा आहेत. परंतु या चित्राची दुसरी बाजूहि पाहावी. भोंवतालची भूमि राखली, आणि आंत पुरेशीं घरें मात्र झालीं नाहींत. त्यामुळें घरांच्या किंमती एवढ्या चढल्या, कीं तेथें काम करणारे पुष्कळ लोक दुसऱ्या गांवीं राहून रोज गाडीनें येतात. मोल चुकवून भूमि राखावी, हा धडा बोल्डरनें दिला. आणि घरांचा विसर पडूं देऊं नये, हा दुसरा धडाहि त्यानेंच दिला.

आतां पाऊलवाटांविषयीं दोन शब्द. मोठ्या भूखंडावर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक जागेवर, इमारती बांधतांना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पण ती पुष्कळदां कुंपणाच्या आंत राहते. शेजारच्या वस्तींतील मुलास तिचा उपयोग नाहीं. अशा शंभर तुकड्यांपेक्षां शाळेपासून ओढ्याच्या कांठानें टेकडीपर्यंत जाणारी एक अखंड वाट अधिक मोलाची. मणी कितीहि असले तरी दोऱ्यावांचून माळ होत नाहीं. टेकडीवरची जुनी वाट वळणें घेत कां जाते, याचाहि मुलांनीं विचार करावा. उभ्या चढाची वाट पावसाळ्यांत नाला बनते व माती वाहून जाते. वळणाच्या वाटेवर पाण्याचा वेग मोडतो. म्हणून आडवाटेनें घाईघाईनें उतरणारा मुलगा पांच मिनिटें वांचवितो, आणि अनेक वर्षांत सांचलेली माती घालवितो.

पालकांस आमची एक विनंति आहे. घर घेतांना खोल्या मोजतां, तशीच जमिनीचीहि चौकशी करा: हा उतार कापलेला आहे काय? येथून पूर्वीं ओढा जात होता काय? आणि शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हां ठरलेल्या मुदतींत हरकती व सूचना लिहून देण्याचा कायद्यानें प्रत्येकास हक्क आहे, तो अवश्य बजावा. तो अर्ज लिहितांना मुलांस जवळ बसवा. नागरिकशास्त्राचा त्याहून चांगला धडा कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं.

त्या दिवशीं टेकडी उतरतांना प्रश्न विचारणारा मुलगा सर्वांच्या मागें होता. एके ठिकाणीं त्याचे दोन सोबती आडवाटेनें उड्या मारीत निघाले, तेव्हां त्यानें त्यांस हांक मारून परत वाटेवर बोलाविलें. पायथ्याशीं आल्यावर तो आम्हांस म्हणाला, "सर, टेकडी राहूं द्या. पण घराचेंहि विसरूं नका." आम्ही त्यास तसें वचन दिलें आहे. हा लेख म्हणजे त्या वचनाचा पहिला हप्ता. पुढील हप्ते फेडणें हें आपणां सर्वांचें काम आहे.