बुटका वामन रोबो कसा झाला?

नॉर्वेच्या लोककथांतला ट्रोल बहुधा धिप्पाड. त्याचा धोका लांबूनच दिसतो. आपल्या बळीराजाच्या गोष्टीत उलटं आहे. दारात बुटका बटू येतो, तीन पावलं जमीन मागतो आणि होकार मिळताच पृथ्वी-आकाश व्यापतो.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या विज्ञान कादंबरीत हेच नाव एका रोबोला दिलं. जमिनीखाली सापडलेल्या, लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून तो घडतो. कामाला अफाट. हवं असतं एकच : स्वतःसारखे आणखी रोबो बनवणं. मागणी बटूसारखीच, किरकोळ वाटणारी. पण गणित बघा. एकाचे दोन, दोनाचे चार. दहाव्या फेरीला १०२४.

कादंबरी १९८०च्या दशकातली. तेव्हा बहुतेक मराठी घरांत साधा फोनही नव्हता.