मेलबर्नच्या छपरावर आपली कारवी

मांडव घालताना एका पोराने विचारलं, "बांबूला आता कोण विचारतं?" म्हणून ही पोस्ट.

२०१६ साली मेलबर्नच्या एका बागेत 'एमपॅव्हेलियन' हा मंडप उभा राहिला. रचना स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांची. ७ किलोमीटर बांबू, ५,००० लाकडी खुंट्या, २६ किलोमीटर दोर.

आणि छपराला चक्क कारवी! मुरबाड-कर्जतकडे कुडाच्या भिंतींना लागते, तीच. तिच्या काटक्यांचे तट्टे भारतातल्या कारागिरांनी विणले. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

आमच्या मांडवातही दोरच असतो, कारण खिळा ठोकला की बांबू उभा चिरतो. म्हणून आम्ही पेराजवळ भिजवलेल्या काथ्याने आवळतो. काम संपलं की दोर सोडायचा, बांबू पुढच्या मांडवाला.

बांधणीबद्दल काहीही विचारा, जमेल तसं सांगेन.